खाड्याचा हिशेब : बीडच्या ऊसतोड बायांचं प्रकरण

एप्रिल २०१९ मध्ये एका इंग्रजी आर्थिक दैनिकात बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांवर बातमी आली. काही गावांत निम्म्या बायांची गर्भाशयं काढलेली आहेत आणि तोडीच्या कामात पाळीचा खोळंबा नको हे त्यामागचं एक कारण आहे, असं तिच्यात म्हटलं होतं. लोकसभा निवडणुकीची धामधूम चालू असतानाही ही बातमी देशभर फिरली, पुढे परदेशातही गेली. राष्ट्रीय महिला आयोगाने राज्याच्या मुख्य सचिवांकडे विचारणा केली. जूनमध्ये विषय विधिमंडळात आला, तेव्हा आरोग्यमंत्री असलेल्या एकनाथ शिंदे यांनी बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय शस्त्रक्रिया झाल्याचा आकडा सभागृहात दिला. हा आकडा अख्ख्या जिल्ह्याचा होता, त्यात सगळ्या ऊसतोडीला जाणाऱ्याच नव्हत्या. मग डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं.

म्हणजे दर सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या बायांमध्ये देशाचं प्रमाण ३.२ टक्के होतं. दोन पाहण्यांची मापं एक नाहीत, त्यामुळे भागाकार करून 'इतक्या पट' असं छातीठोक सांगण्यात अर्थ नाही. पण मापाचा फरक वजा केला तरी दरी उरतेच.

ज्या पट्ट्यात हा ऊस उभा असतो, त्या आमच्या पश्चिम महाराष्ट्रात ही बातमी कशी वाचली गेली ते नोंदवण्यासारखं आहे. पारावर, दूध डेअरीवर, एसटीत तीन प्रकारचे शेरे ऐकू यायचे. पहिला : "पैशासाठी माणसं कुठल्या थराला जातील काही सांगता येत नाही." दुसरा : "अडाणी बाया, डॉक्टर म्हणाला झोप की झोपल्या." तिसरा जरा कनवाळू : "बिचाऱ्यांना मुकादम जबरदस्तीने करायला लावतो." पहिल्यात ती लोभी, दुसऱ्यात मूर्ख आणि तिसऱ्यात नुसती बाहुली. या बाईला आपल्या घराचा हिशेब येत असेल, अशी शक्यता तिघांच्याही डोक्यात नव्हती. माझं म्हणणं एवढंच आहे की तिने काय मोडून काय कमावलं यावर निवाडा द्यायचाच असेल, तर आधी तिचा हिशेब मांडून बघावा.

हिशेबाचं एकक 'कोयता'. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून दोन माणसं. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. मुकादम कोयते गोळा करून टोळी बांधतो. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, मुकादमाचा कोयत्याशी, आणि या साखळीतून पैसा वरून खाली येतो तो उचल म्हणून, काम सुरू होण्याआधीच. दसरा-दिवाळीच्या आगेमागे माणसं निघतात तेव्हा ती उचल बहुतेक संपलेली असते : मागचं देणं, बहिणीचं लग्न, दवाखाना, बोअर. फडात पाय ठेवायच्या आधी पगार खर्च झालेला असतो. पुढचे पाच-सहा महिने फिटवायचे.

किती फिटतं? बातमी आली त्या काळात तोडणीचा दर टनाला २४० रुपयांच्या आसपास होता. धड कोयता दिवसाला दीड ते दोन टन तोडतो. दोन टन धरले तर दोघांचे मिळून ४८० रुपये. साठ हजारांची उचल असेल तर सव्वाशे दिवस रोज दोन टन पडले पाहिजेत. पाऊस नको, कारखान्याचा ब्रेकडाउन नको, आजारपण नको. आणि हंगाम सव्वाशे दिवस चाललाच पाहिजे. मराठवाड्यात दुष्काळ पडला की ऊस कमी, ऊस कमी की पट्टा लवकर पडतो, म्हणजे गाळप लवकर संपतं. मग राहिलेली उचल पुढच्या वर्षाच्या डोक्यावर.

आता खाडा. कामावर न गेलेला दिवस म्हणजे खाडा, आणि खाड्याला दंड असतो. कोयत्यामागे दिवसाला पाचशे रुपये हा तेव्हाचा सर्रास ऐकू येणारा दर. दोघांपैकी एकजण बसला तरी कोयता बसला, कारण एकट्याने तोडून, साळून, मोळ्या बांधून, वाहून गाडी भरत नाही. बाई पाळीत दोन दिवस उठू शकली नाही तर त्या दोन दिवसांचे ९६० रुपये बुडाले आणि वर हजार रुपये दंड चढला. पाच महिन्यांत असे दहा दिवस झाले की ९,८०० रुपये. खासगी दवाखान्यात पिशवी काढायला पंचवीस-तीस हजार लागायचे. तीन हंगामांत वसूल. बाईचं वय तीस असेल तर अजून पंधरा-वीस वर्षं कोयता धरायचाय.

ही आकडेमोड माझी. कुणी बाई वहीत असं लिहून दवाखान्यात गेली, असा माझा दावा नाही. गेली ती पोटात कळ येत होती म्हणून, अंगावरून पांढरं जायचं थांबत नव्हतं म्हणून, पाळी महिन्यातून दोनदा यायला लागली म्हणून. पण या हिशेबामुळे एक गोष्ट कळते : तिला कुणी अडवलं का नाही. नवऱ्याने नाही, सासूने नाही, मुकादमाने तर नाहीच. दवाखान्यासाठी तो उचलीत भर घालून द्यायला तयार असायचा. मुकादमाने बाईला ओढून नेऊन ऑपरेशन करवलं, असं चित्र रंगवायला सोपं जातं. त्याला ओढायची गरजच काय? खाड्याचा दर त्याने ठरवला, बाकीचं खाड्यानेच केलं.

आता काम. ऊसतोड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कोयत्याचा घाव येतो. तो बहुधा पुरुषाच्या वाट्याचा. बाईचं काम घावानंतर सुरू होतं. पडलेला ऊस ओढायचा, पाचट सोलायचं, वाढं म्हणजे शेंड्याचा हिरवा भाग छाटायचा, ऊस एका बाजूला लावून मोळी बांधायची, आणि 'डोकीसेंटर' असेल तर ती मोळी डोक्यावर घेऊन फडातून गाडीपर्यंत न्यायची. डोकीसेंटर म्हणजे बैलगाडी नाही, ऊस डोक्यावरून ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरायचा. मोळी तीस-चाळीस किलोची. ट्रॉलीला तिरकी फळी किंवा शिडी लावलेली असते. तिच्यावरून चढताना हात मोळी सावरण्यात गुंतलेले, तोल सगळा पायांच्या बोटांवर, आणि वर पोचलं की मान झटकून मोळी टाकायची. झटका कमी पडला तर मोळी अंगावर येते. दोन टन म्हणजे अशा पन्नास-साठ खेपा दोघांत मिळून. गाडी कधी येईल याचा नेम नसतो. दिवसभर तोड झाल्यावर रात्री अकराला ट्रॅक्टर लागला तर अकराला भरायचा, बॅटरीच्या उजेडात. पहाटे चारला उठून भाकरी थापणारी बाई तीच असते.

वर्षानुवर्षं असं ओझं वाहून कंबर आणि गुडघे जातात, तसा ओटीपोटाचा तळही सैल होतो. बाळंतपणं कोवळ्या वयात झालेली असतील तर लवकरच. बाया त्याला 'अंग बाहेर येतंय' म्हणतात. टोळी उतरते ती मोकळ्या रानात किंवा कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्यांत. संडास नाही. आडोसा म्हणजे उभा ऊस, आणि तोड पुढे सरकेल तसा तोही सरकतो. अंधार पडेपर्यंत बाहेर जाता येत नाही म्हणून दिवसभर पाणी कमी प्यायचं, आणि पाणी कमी प्यायलं की लघवीला जळजळ. पाळीची कापडं पाटाच्या नाहीतर विहिरीच्या पाण्यात, जे मिळेल त्यात, कुणी बघत नाही अशा वेळी धुवायची आणि दुसऱ्या कपड्याखाली दमट वाळवायची. तीच पुन्हा घ्यायची. अंगावरून जाणारं पांढरं इथून सुरू होतं. त्यातलं बरंच औषधाने बरं होणारं असतं, पण त्यासाठी आठवडा-दोन आठवडे गोळ्या, स्वच्छ पाणी आणि थोडी विश्रांती लागते. यांतल्या फक्त गोळ्याच बाजारात मिळतात.

गावी परतल्यावर ती दवाखान्यात जाते ते वैशाख-ज्येष्ठात, हातात थोडे पैसे असताना किंवा पुढची उचल ठरताना. सरकारी रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ मिळेल याची खात्री नसते. खासगीत सोनोग्राफी होते, 'पिशवीला सूज आहे', 'गाठ आहे', 'ठेवली तर कॅन्सर होईल' असं सांगितलं जातं. पंचविशीच्या आतच दोन-तीन मुलं आणि नसबंदी झालेली असेल तर 'पिशवीचं काम संपलंय' हे घरच्यांनाही पटतं. गर्भपिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर तिशीतच रजोनिवृत्ती येते आणि हाडं झिजायला लागतात, हे सांगण्यात कुणी वेळ घालवत नाही. शस्त्रक्रियेनंतर निदान सहा आठवडे जड उचलू नये असा नियम आहे. उचल फिटायची असेल तर मोळी उचलावीच लागते. म्हणजे ज्या दुखण्यातून सुटायला ऑपरेशन केलं, ते पाठदुखी होऊन परत आलं. ऑपरेशन झालेल्या बाया वर्षभरातच कंबर धरून बसतात, अशी तक्रार पुष्कळजणींकडून येते. तेव्हा वर मांडलेला तीन हंगामांचा हिशेब तिथेच कोलमडतो. तिचं गणित चुकलं असेल तर इथे, आणि चुकलं ते तिला अर्धेच आकडे दिले गेले म्हणून.

इथे जरा बाहेर बघू. नको तितकी गर्भाशयं काढण्याचे प्रकार बीडच्या आधी राजस्थानात दौसाला, छत्तीसगडमध्ये आणि बिहारमध्ये उघडकीला आले होते. छत्तीसगड आणि बिहारमध्ये गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचे पैसे मिळवण्यासाठी खासगी दवाखान्यांनी शस्त्रक्रिया उरकल्याचे आरोप झाले. या तीन राज्यांसंबंधीची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने, अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश दिला. तिथल्या चर्चेत बोट डॉक्टरकडे होतं. बायांनी असं का करून घेतलं, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. बीडच्या बाबतीत मात्र पहिला प्रश्न तोच. फरक एवढाच की इथे बाईच्या हातात मजुरी दिसत होती. विम्यापायी लुबाडलेली बाई बळी ठरते, कामापायी झिजलेली ठरते हावरी. स्वतः मिळवणाऱ्या गरिबाच्या बाबतीत आपली माया अशी एकदम आटते.

हे तोडकऱ्यांबद्दल एरवीही दिसतं. ऊसकरी शेतकऱ्याच्या तक्रारी खोट्या नाहीत, तेही सांगितलं पाहिजे. तोड आली की टोळीला 'खुशाली' म्हणून वरचे पैसे द्यावे लागतात, ट्रॅक्टर ड्रायव्हरला 'एंट्री' द्यावी लागते, नाही दिली तर ऊस वाळत उभा राहतो. वाढं तोडकरी विकतात. वाहतूकदारांची गाऱ्हाणी याहून मोठी : दोन-दोन ठिकाणी उचल घेऊन टोळीच आली नाही, त्यात ट्रॅक्टर गेला, कुणाची जमीन गेली. पोलीस ठाण्यांत असे गुन्हे दाखल आहेत. ज्याचे दहा-पंधरा लाख बुडाले त्याला 'शोषण' हा शब्द ऐकवायला जाऊ नये. पण उचल बुडवणारा आणि उचलीत बुडालेला यांना एकाच 'ते लोक'मध्ये कोंबलं जातं. नव्या मोटारसायकलवरून टोळीतला पोरगा गेला की 'यांच्याकडे आपल्यापेक्षा जास्त पैसा आहे' असं म्हणणारा शेतकरी, स्वतःच्या दारातली मोटार सोसायटीच्या कर्जाची आहे हे तेवढ्यापुरतं विसरतो.

या प्रकरणात मला सर्वात जड वाटते ती गोष्ट वेगळीच आहे : कारखान्याच्या दप्तरी ही माणसं कामगारच नाहीत. कारखान्याच्या आतल्या माणसाला भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा. गव्हाणीत, म्हणजे कारखान्यात ऊस टाकायच्या जागी, ऊस पडतो तिथून आतला कामगार, त्याच्या बाहेरचा कुणाचाच नाही. राज्यात हमालांसाठी १९६९ सालचा माथाडी कायदा आहे. बाजार समितीत पोतं वाहणाऱ्याचा मालक रोज बदलतो, तरी मंडळामार्फत लेव्ही गोळा करून त्याला फंड आणि भरपाई देता येते, हे महाराष्ट्राने अर्ध्या शतकापूर्वी करून दाखवलं. मोळी वाहणाऱ्या बाईपर्यंत ती युक्ती यायला गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाची वाट बघावी लागली, आणि त्याचं पुण्यातलं कार्यालय उघडायला २०२२ उजाडलं. गाळपाच्या टनामागे कारखान्याचे दहा रुपये आणि तेवढेच शासनाचे, अशी त्याच्या निधीची रचना ठरली. मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आली. ती माझ्या मते या सगळ्यातली सर्वात कामाची, कारण पोरगी गावात शाळेत राहिली तर कोवळ्या वयात कोयत्याला जोडली जाण्याचा धोका कमी होतो.

गर्भाशयांबाबत थेट पाऊल उचललं ते बीडच्या जिल्हा प्रशासनाने. खासगी दवाखान्यात गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी सक्तीची झाली. तोडीला जाण्याआधी आणि आल्यानंतर तपासणी, आरोग्य कार्ड, हेही समितीच्या शिफारशींच्या अनुषंगाने आलं. परवानगीचा नियम चांगला, दवाखान्यांवर वचक बसवणारा. पण तो बीडपुरता आहे. बीडची हद्द नगर, धाराशिव, परभणी, जालना यांना लागून आहे, आणि बाई सहा महिने राहते ती सांगली, कोल्हापूर, साताऱ्यात नाहीतर कर्नाटकात. शिवाय परवानगी नाकारली गेली तर तिचं दुखणं कुणी बघायचं, याचं उत्तर त्या कागदावर नसतं. ऑपरेशन टळलं म्हणून कळ थांबत नाही, आणि खाडाही चुकत नाही.

मजुरीचं म्हणाल तर ती वाढली आहे. २०२१ च्या सुरुवातीला १४ टक्के वाढ झाली आणि दर २७३ रुपयांवर गेला. जानेवारी २०२४ मध्ये कारखान्यांचा साखर संघ आणि तोडकऱ्यांच्या संघटना यांच्या बैठकीत शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादाने ३४ टक्के वाढ मान्य केली, म्हणजे टनाला ३६६ रुपये, शिवाय मुकादमाच्या कमिशनमध्ये एक टक्का वाढ. संप, कोयता बंद, वाटाघाटी, सगळं दर काही वर्षांनी ठरल्याप्रमाणे होतं आणि बातम्या येतात त्या दराच्या आणि कमिशनच्या. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बहुतेक पुरुष. खाडा हा मुकादम आणि कोयत्यातला तोंडी मामला. नोटरीच्या कागदावर उचलीची रक्कम असते, पाळीच्या दोन दिवसांचं काय ते नसतं. दर वाढला की खाड्याचा फटकाही वाढतो, हे गमतीचं नाही पण आहे खरं : ३६६ च्या दराने दोन टनांचा दिवस बुडाला तर ७३२ रुपये गेले, दंड वेगळा. टनावर मजुरी आहे तोवर चांगली मजुरी म्हणजे महागडं आजारपण.

म्हणून पुढच्या कराराच्या वेळी मागायचंच असेल तर टक्क्यांच्या आधी तीन साध्या गोष्टी मागाव्यात असं मला वाटतं. महिन्याला दोन दिवस खाडामाफी, आणि तिचे पैसे महामंडळाने मुकादमाला न देता थेट कोयत्याच्या खात्यात भरावेत. जिथे टोळी उतरते त्या तळावर पाणी आणि संडास, आणि ते नसेल तर जबाबदार कोण, मुकादम की कारखाना, याचं नाव कागदावर. आणि कोयता हे एकक मोडून बाईची मजुरी बाईच्या नावावर. आज दोघांचा हिशेब नवऱ्याच्या नावाने लागतो. तिच्या कामाचा वेगळा आकडा कुठल्याच वहीत नाही, त्यामुळे ती किती कमावते हे तिच्यावर शेरे मारणाऱ्यांना माहीत नाही, साखर आयुक्तालयाला माहीत नाही आणि पुष्कळदा तिलाही माहीत नसतं.